‘जुळवून घे’ कोणी कोणाला म्हणायचे? — ‘झुंड’, बाळू पालवणकर आणि आमच्या पाड्यावरची पोरे

खेळाच्या मैदानावर जात नसते, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. रेषा सगळ्यांना सारखी, शिट्टी सगळ्यांना सारखी आणि घड्याळही सगळ्यांना सारखे. हे खरे धरले तरी त्याने एवढेच सिद्ध होते की मैदानाच्या आत, खेळ चालू असेपर्यंत, माणूस सारखा असतो. पण खेळाडू मैदानात दोन तास असतो. उरलेले बावीस तास तो वसतिगृहात, खानावळीत, कार्यालयाच्या खिडकीसमोर आणि रात्री अंथरुणावर असतो. त्या बावीस तासांबद्दल मराठी समीक्षेने, क्रीडा पत्रकारितेने आणि, स्पष्टच म्हणायचे तर, आपल्या चळवळीनेही फारसे लिहिलेले नाही. ‘झुंड’ या चित्रपटाच्या निमित्ताने मला त्या बावीस तासांविषयी बोलायचे आहे.

मी खर्डीचा. कसारा लोकलने येणाऱ्याला आमचे गाव आटगावनंतर लागते. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके मुंबईच्या इतके जवळ आहेत की मुंबईला त्यांचा विसर पडावा. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. मोडकसागर आणि भातसा पुढे झाली. ही तिन्ही शहापूर तालुक्यातली. मुंबईच्या नळाला आमचे पाणी जाते आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. पाण्याचा हा व्यवहार सर्वांना ठाऊक आहे. अलीकडे दुसराही एक व्यवहार सुरू झाला आहे. इथली ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली पोरे धावायला, कबड्डीला, खो-खोला शहरात नेली जातात. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, खेळाडूंचे लिलाव दूरदर्शनवर दिसू लागले, आणि रात्रीच्या दिव्यांत अनवाणी कबड्डी खेळणाऱ्या पोराच्या बापालाही वाटू लागले की आपल्या पोराच्या पायांना बाजारात किंमत आहे. नेणारे लोक वाईट असतात असे नाही. पुष्कळसे मनापासून नेतात. पण बरीच पोरे परत येतात आणि मागाहून एक वाक्य येते : “गुण आहेत हो, पण यांना जुळवून घेता येत नाही.”

हे वाक्य मी स्वतः ऐकलेले आहे. खर्डीजवळच्या एका कातकरी वाडीतला मुलगा — त्याचे नाव मी देत नाही — लांब पल्ल्याचा उत्तम धावणारा होता. एका शहरातल्या क्रीडा वसतिगृहात त्याची निवड झाली आणि त्याला पोचवायला मी गेलो. तिसऱ्या महिन्यात तो परत आला. मी चौकशीला गेलो तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांनी मला चहा दिला, आदराने बसवले आणि सांगितले, “गुरुजी, या लोकांना शिस्त नको असते. सुट्टी दिली की गेले ते गेलेच.” त्यांच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता, खेद होता. म्हणूनच ते वाक्य अधिक विचार करण्यासारखे आहे.

खरे काय झाले होते? दिवाळीची सुट्टी लागली आणि वसतिगृहाने सर्व मुलांना घरी पाठवले. नियम चांगलाच आहे. मुलाने सणाला घरी जावे. पण कातकऱ्याचे घर दिवाळीनंतर बंद होते. आगाऊ उचल घेतलेली असते, वीटभट्टीचा ट्रक वाडीवर येतो आणि माणसे भांड्याकुंड्यांसह भिवंडीकडे, कल्याणकडे, वसईकडे जातात, ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. मुलगा आला तेव्हा झोपडीला काटी लावलेली होती. आईबाप कोणत्या भट्टीवर आहेत हे शोधण्यात त्याचे अकरा दिवस गेले. सापडल्यावर त्याने जे कोणताही मुलगा करील तेच केले : बापाच्या अंगावरची उचल फेडायला हात लावला. वसतिगृहाच्या वहीत याची नोंद ‘विनापरवाना गैरहजर’ अशी आहे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक घर होते. त्या घराला दार होते, पत्ता होता आणि दिवाळीत तिथे आकाशकंदील लागत होता. ज्याचे घर तसे नाही त्याने त्या घरासारखे वागावे, याला आपण शिस्त म्हणतो.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून मी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ पाहिला. २०२२ च्या मार्च महिन्यात तो प्रदर्शित झाला. नागपूरचे विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे जे काम उभे केले त्यावर तो आधारलेला आहे. चित्रपटातील प्राध्यापक विजय बोराडे — म्हणजे अमिताभ बच्चन — महाविद्यालयाच्या भिंतीपलीकडच्या वस्तीतील पोरांना पावसात प्लास्टिकच्या डब्याला लाथा मारताना पाहतात आणि त्यांच्यापुढे खरा चेंडू टाकतात. अर्धा तास खेळा, पैसे देतो, असे सांगतात.

या चित्रपटाचे मोठेपण मला एका साध्या गोष्टीत दिसते. बोराडे या पोरांना आधी सुधारत नाहीत. दारू सोड, चोरी सोड, केस काप, मग चेंडू देतो, असा सौदा ते करीत नाहीत. चेंडू आधी येतो. आपल्याकडच्या उद्धारकथांचा क्रम नेहमी उलटा असतो : आधी अंघोळ, मग प्रवेश. मंजुळे यांनी तो क्रम मोडला, ही केवळ कथेची युक्ती नाही, ती भूमिका आहे. दुसरे असे की ही पोरे एकदा प्राध्यापकाच्या घरात बसून आपापली हकिगत स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत सांगतात. त्या वेळी अमिताभ बच्चन ऐकणारा आहे. हिंदी चित्रपटाने इतक्या वर्षांत आपल्या महानायकाला गप्प बसून झोपडपट्टीचे ऐकण्याचे काम क्वचितच दिले असेल.

आणि तरीही ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहितो आहे त्या मुद्द्यापाशी चित्रपट थांबतो. रिंकू राजगुरू यांनी उभी केलेली मोनिका ही आदिवासी मुलगी. तिला परदेशी स्पर्धेला जायचे तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला ओळखीचा पुरावा हवा, आणि तिचा बाप तो पुरावा मिळवण्यासाठी दारोदार फिरतो. आपण कोण आहोत हे सिद्ध करायला निघालेला तो माणूस ज्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्याच भूमीवर त्याला विचारले जाते की तू कशावरून इथला? हा भाग पाहताना आमच्या तालुक्यातला प्रत्येक आदिवासी पालक मला दिसला. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची. त्या तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या कातकऱ्याच्या आज्याकडे सातबारा नव्हता, जो शाळेची पायरी चढला नाही, त्याने १९५० पूर्वीचा कागद आणायचा कुठून? केंद्र सरकारने ज्यांना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत घातले अशा महाराष्ट्रातल्या तीन जमातींत कातकरी आहेत. म्हणजे सरकारला ते सर्वांत मागे आहेत हे ठाऊक आहे, आणि सर्वांत जुना कागदही त्यांच्याकडूनच हवा आहे.

पण मोनिकाच्या कागदांची धावपळ जेवढी दिसते तेवढा तिचा खेळ दिसत नाही. ती संघात कशी वावरते, कोणाशेजारी जेवते, रात्री काय आठवते, हे चित्रपट सांगत नाही. अंकुश मसराम ऊर्फ डॉन विमानतळापर्यंत पोहोचतो, सुरक्षेच्या दारातून आत जातो आणि विमान त्या भिंतीवरून, भिंत ओलांडण्यास मनाई करणाऱ्या पाटीवरून उडून जाते. शेवट प्रभावी आहे, डोळे भरून येतात. पण भिंत ओलांडणे हा अर्धा प्रश्न झाला. उरलेला अर्धा भिंतीपलीकडे राहण्याचा आहे. प्रवेशाची कथा सांगायला चित्रपटाला तीन तास पुरतात. मुक्कामाची कथा सांगायला आपल्याकडे अजून कोणी बसलेले नाही.

मुक्कामाची कथा जुनी आहे, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. बाळू पालवणकर हे चांभार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते खेळपट्टीची देखभाल करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. त्यांना फलंदाजीची संधी दिली जात नसे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते म्हणून बाळू संघात आले. मैदानावर त्यांनी हात लावलेला चेंडू ब्राह्मण खेळाडूच्या हाताला चालत होता. चहाच्या वेळी मात्र इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीचे कप आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. असा माणूस हिंदूंचा कर्णधार मात्र नेमला गेला नाही. रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला तेव्हा कुठे शिकलेल्या वर्गाला बाळूंचे नाव नव्याने कळले.

बाळूंनी जुळवून घेतले, असेच त्या काळचा हिंदू क्लब म्हणाला असता. ते मातीच्या भांड्यातला चहा प्याले आणि दुसऱ्या सत्रात बळी घेतले. पण प्रश्न असा विचारायला हवा की क्लबाने काय बदलले, आणि कधी? क्लब बदलला तो बाळू एकटे असताना नव्हे. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे भाऊ खेळात आले. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना वगळले गेले आणि कर्णधारपद पुन्हा नाकारले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याची कारणे जाहीरपणे मांडली. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. एकट्या गुणवंताला वीस वर्षांत जे मिळाले नाही ते दोघांच्या नकाराने तीन वर्षांत मिळाले. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. दलित आत्मकथनांचा इतिहास सांगताना आपण सत्तरच्या दशकापासून सुरुवात करतो. या पुस्तकाचा उल्लेख आपल्या चर्चांत क्वचितच होतो. क्रिकेट म्हणजे उच्चवर्णीयांचा शौक, असे आपणही गृहीत धरलेले असते, हे त्याचे कारण असावे.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दलिताचा अनुभव आणि आदिवासीचा अनुभव एकच नाही. आम्हांला पॅव्हेलियनच्या बाहेर ठेवले ते स्पर्शाच्या भयाने. आदिवासीला बाहेर ठेवतात ते कौतुकाने. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतल्या माणसाला परक्या गावात टिकण्यासाठी जात लपवावी लागते. आदिवासी मुलाला ती लपवता येत नाही, त्याच्या बोलण्यातून, बुजरेपणातून ती आधीच ओळखलेली असते, आणि तिचे गुणगान होते : “यांच्या रक्तातच धावणे आहे.” हे वाक्य मला शिवीपेक्षा घातक वाटते. शिवीला उत्तर देता येते. रक्तातच असेल तर मुलाने केलेले श्रम कुठे गेले? रक्तातच असेल तर त्याला चांगला आहार, बूट, वैद्य कशाला हवा? आणि तो हरला तर दोष कोणाचा? अर्थात त्याच्याच आळशीपणाचा.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्यांना रौप्य मिळाले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हटले आणि अनवाणी धावण्याच्या, लांबून पाणी आणण्याच्या गोष्टी रंगवून छापल्या. नाशिकच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे केलेला सराव त्या गोष्टींत दोन ओळींत उरकला जातो. पाणी लांबून आणावे लागणे हा सरकारचा नाकर्तेपणा आहे, तो प्रशिक्षणाचा भाग नव्हे. डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या आमच्याकडच्या हजारो बायका राष्ट्रकुलात पदके घेत नाहीत.

हा प्रश्न केवळ आपल्या देशातला नाही. ऑस्ट्रेलियात फुटबॉलचा एक वेगळा प्रकार खेळतात. त्यात चेंडू हाताने धरता येतो, पायाने मारता येतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून उंच उडी घेऊन झेलता येतो. तो तिथला मोठा व्यावसायिक खेळ आहे आणि तिथल्या मूळनिवासी समाजातले अनेक खेळाडू त्यात चमकले आहेत. वाळवंटातल्या युएंडुमू या वस्तीतला लियाम जुरा हा वार्लपिरी जमातीचा तरुण २००८ च्या अखेरीस मेलबर्नच्या क्लबाने निवडला. इंग्रजी ही त्याची पहिली भाषा नव्हती. २०१० साली त्याचा झेल वर्षातला सर्वोत्तम ठरला. २०१२ नंतर तो त्या क्लबात राहिला नाही. अशा मुलांबद्दल तिथेही तेच दोन सूर लागतात. खेळताना म्हणायचे की ही जादू त्यांच्या रक्तात आहे, आणि ते घरी परतले की म्हणायचे, त्यांना शिस्त जमत नाही. मेलबर्न आणि आमच्या जवळचे ते वसतिगृह यांनी एकमेकांना कधी पत्र लिहिलेले नाही, पण वाक्य एकच आहे.

मात्र तिथे एक गोष्ट घडली, ती आपण शिकण्यासारखी आहे. १९९३ साली निकी विनमार या खेळाडूने शिव्या देणाऱ्या प्रेक्षकांसमोर उभे राहून अंगातला शर्ट वर केला आणि आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवले. १९९५ साली मायकेल लाँग याने मैदानावर वंशवाचक शिवी ऐकल्यावर ती गिळून टाकली नाही, तक्रार केली आणि तड लागेपर्यंत मागे हटला नाही. त्याच वर्षी लीगला वंशद्वेषी बोलण्याविरुद्ध नियम करावा लागला. खेळाडूंचे समुपदेशन करून प्रकरण मिटले नाही, नियमपुस्तकात कलम आले. याने सर्व काही साधले असे नाही. ॲडम गुड्स हा तिथला थोर मूळनिवासी खेळाडू. तो वंशद्वेषाविरुद्ध बोलू लागला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची सतत हुर्यो उडवली आणि २०१५ साली तो निवृत्त झाला. लीगने आणि सर्व अठरा क्लबांनी त्याची माफी मागितली ती २०१९ साली. नियम असूनही असे घडते. नियम नसला तर काय घडते ते कोणाला कळतही नाही, कारण वहीत केवळ ‘गैरहजर’ लिहिलेले असते.

मग मदत म्हणजे काय? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. तिथे मुले एकत्र राहत आणि आपला स्वयंपाक स्वतः करीत. पंगतीचा प्रश्न उपदेशाने नव्हे, चुलीपाशी सुटला. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. खेड्यांतून आलेला दलित मुलगा तिथे एकटा नव्हता. शेजारच्या खाटेवर त्याच्यासारखाच दुसरा होता. त्याच्या भाषेला हसणारे कमी आणि ती समजणारे अधिक होते. त्या परिसरातून पुढे दलित साहित्याला लेखक मिळाले, हा योगायोग नव्हे. ज्या मुलाची अर्धी शक्ती जुळवून घेण्यात खर्च होत नाही, त्याच्याकडे लिहायला शक्ती उरते. धावायलाही उरते. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. तीही मुले एकेकटी उचलून नेलेली नव्हती, बरोबरीने शिकलेली, बरोबरीने तयार झालेली होती.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पाड्यावरून एक मूल उचलून नेऊ नये. किमान दोन-तीन एकदम न्यावीत आणि त्यांच्या बोलीत बोलणारा एक मोठा माणूस, पगार देऊन, तिथे ठेवावा. सुट्ट्यांचे वेळापत्रक करताना मुलाचे घर त्या महिन्यात कुठे असते हे विचारावे, आणि घर भट्टीवर असेल तर वसतिगृह उघडे ठेवावे. गैरहजेरीची नोंद करण्याआधी कोणीतरी वाडीवर जाऊन यावे. खर्डीला लोकल येते, ते फार कठीण नाही. ताटात आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी आणि सुकट असावी, म्हणजे जेवणही त्याला परके वाटणार नाही. दाखल्याचे काम मुलाच्या बापाचे न मानता संस्थेचे मानावे. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तिथे संस्थेच्या माणसाने रांगेत उभे राहावे. आणि हे सर्व कोणाच्या चांगुलपणावर न सोडता नियमात लिहावे. चांगला प्रशिक्षक बदलून जातो, नियम राहतो.

यात दयेची मागणी नाही. संस्थेला पदक हवे आहे, क्लबाला पैसा हवा आहे, राज्याला नाव हवे आहे. ज्याच्या पायांवर हे सर्व मिळवायचे त्याच्यासाठी संस्थेने आपल्या चार सवयी बदलणे हा सरळ व्यवहार आहे. आजवर तो एका बाजूनेच झाला. आमच्या लेखकांनी शाळा, गिरणी, कचेरी, झोपडपट्टी लिहिली. आता क्रीडा वसतिगृहातली रात्र लिहिली पाहिजे, आणि ती शक्यतो तिथे राहून आलेल्या ठाकराने, कातकऱ्याने, वारल्याने लिहिली पाहिजे. तोवर ज्या पोराला ‘जुळवून घेता आले नाही’ असे आपल्याला सांगितले जाईल, त्याच्या वाडीवर जाऊन खरे काय झाले ते विचारण्याचे काम आपले आहे.